शनिवारी दोन ते चार जरा आवाज होईल

माफी मागण्याच्या कामात आमच्या वाकामिदोरी वसाहतीत माझा हात धरणारा कुणी नाही! ही फुशारकी नाही. म्हणजे, फुशारकीच आहे, पण खरी आहे. अकरा वर्षांत मी आगाऊ माफी मागितल्याशिवाय भिंतीत एक खिळासुद्धा ठोकलेला नाही. आदल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालायचा, लाल चवळीच्या पुरणाच्या वड्यांचे पाच डबे पिशवीत घ्यायचे, आजूबाजूच्या पाच घरांच्या घंटा वाजवायच्या, कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, "जरा आवाज होईल, त्रासाबद्दल क्षमा असावी." समोरचा माझ्याहून खाली वाकतो. मग मी त्याच्याहून खाली. दोघांची डोकी पायपुसण्यापर्यंत पोचली की प्रकरण मिटलं. घरी यायचं आणि खिळा ठोकायचा. तीन ठोके. तेही हातोडीला टॉवेल गुंडाळून!

तर असा मी, होसोया केन्गो. तोक्योतल्या कचेरीपासून जलद गाडीनं एक तास दहा मिनिटं, मग टेकडीचा चढ आठ मिनिटं, की आमची गल्ली. सहा घरं, सहा गाड्या, सहा मेपलची झाडं. झाडांची पानं गळतात, पण रस्त्यावर पडलेली दिसत नाहीत. बहुतेक हवेतच कुणीतरी झेलत असावं. मुलांना खेळायला बाग आहे. बागेत ओरडू नये अशी पाटी आहे, आणि मुलं खरोखर ओरडत नाहीत. कुत्री भुंकण्याआधी मालकाकडे बघतात.

या स्वर्गात मी गेल्या शरदात आईला आणलं.

आई शहाऐंशी वर्षांची. सारा जन्म उत्तर किनाऱ्यावरच्या मासेबाजारात गेला. धक्क्यावरून तिनं हाक मारली की खाडीपलीकडच्या होडीतला माणूस दचकून हातातलं जाळं सोडून द्यायचा! ती आई इथं आली आणि महिन्याभरात कुजबुजायला लागली. दुसऱ्या महिन्यात कुजबुजणंही थांबलं. खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत राहायची. आणि मार्च उजाडताच एके सकाळी तिनं मिसोच्या कढणाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली,

"केन्गो, या गल्लीत कुणी गेलंय का रे?"

"नाही गं! सगळे ठणठणीत आहेत."

"मग सहा महिने सुतक कसलं पाळतायत?"

आईनं पुढचं वाक्य आधीच तयार ठेवलं होतं. "आपल्या गावचे एन्शो महाराज पुढच्या आठवड्यात राजधानीच्या मंदिरात येतायत. रविवारी ते गावी परततील, त्यांच्याबरोबर मीही जाते. गाठोडं बांधलंय."

गावचं घर बंद. शेजारची म्हातारी गेली. डोंगराकडून अस्वलं अंगणापर्यंत येतात. तिथं ही एकटी काय करणार? मी विनवण्या केल्या, विजेवर गरम होणाऱ्या नव्या बैठकीची लाच दिली. शेवटी आई म्हणाली, "हे बघ. ज्या गावात कीर्तनाला माणसं जमतात आणि तोंड उघडून नाव घेतात, त्या गावात मी राहीन. नाहीतर नाही."

ऐका मंडळी, इथं माझंही काळीज हललं. आमच्या पंथाचा कीर्तनकार उंच आसनावर बसतो, गात गात कथा सांगतो, आणि स्वर असा वळवत वळवत खाली आणतो, की ऐकणाऱ्यांच्या छातीतून "नामू आमिदा बुत्सू" आपोआप उसळून येतं. आमिदा बुद्धाचं ते नाव शंभर गळ्यांतून एकदम निघालं, की मंदिराचे खांब गुणगुणायचे. मी ते आईच्या मांडीवर बसून ऐकलंय. तिच्या पोटातून येणारा तो हुंकार माझ्या पाठीला जाणवायचा. त्यापुढे जगातलं कुठलंही संगीत मला अळणीच वाटत आलंय.

मी छाती पुढे काढली. "आई, शनिवारी दुपारी दोन वाजता, आपल्या घरी, एन्शो महाराजांचं कीर्तन! सगळी गल्ली जमवतो!"

स्वयंपाकघरात चिझुरूच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातली पळी थांबली. आई आत गेल्यावर ती म्हणाली, "अहो, सगळ्यांना सरळ बोलवा ना मग."

"वेड लागलंय का तुला? सरळ? सरळ बोलावलं तर त्यांना यावंच लागेल! नवे मोजे घालावे लागतील. भेट आणावी लागेल. मग आपल्याला परत बोलवावं लागेल, त्यासाठी घर आवरावं लागेल! आणि धर्माचं काही म्हटलं की घंटेच्या कॅमेऱ्यात तोंड बघून दार उघडणारच नाहीत."

"मग कसं करणार?"

"माफी मागणार!" मी म्हणालो. "इतकी गोड माफी, की त्यांनीच विचारलं पाहिजे: 'अय्या, कीर्तन? आम्ही आलो तर चालेल का?' मग मी दोनदा नको म्हणेन, ते तिसऱ्यांदा विचारतील, आणि झालं!"

चिझुरूनं पळी पुन्हा भांड्यावर जरा जोरात आपटली.

रविवारी मी फेरीला निघालो. पहिलं घर कुसुनोकीसाहेबांचं. गल्लीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त, सोबत मामे नावाची काळी कुत्री, जिला पावसाळी कोट, हिवाळी कोट आणि मधल्या ऋतूचा कोट आहे.

"शनिवारी दोन ते चार आमच्याकडे जरा आवाज होईल," मी वाकलो.

"छे छे, होसोयासाहेब! मामेच्याच भुंकण्याचा तुम्हाला त्रास!" ते वाकले.

मी वाकलेल्या अवस्थेतच वाट बघत राहिलो. विचारा ना! कसला आवाज म्हणून विचारा! पण नाही. दुसऱ्याच्या घरातला आवाज कसला हे विचारणं म्हणजे त्याच्या कपाटात डोकावणं. माझ्या कमरेला कळ आली तेव्हा मी सरळ झालो.

पियानो शिकवणाऱ्या इगाराशीबाईंनी वड्यांचा डबा घेतला, "आमच्याच सुरांचा त्रास" म्हणाल्या. मियोशींच्या घरात तरुण नवराबायको, पाच वर्षांच्या जुळ्या मुली आणि एक रांगतं बाळ. ते म्हणाले, "आमचीच पोरं दंगा करतात." उरलेल्या दोन घरांतही तेच. पाच घरं, पाच डबे, आणि प्रश्न एकही नाही!

मंगळवारी संध्याकाळी परतभेटी आल्या. कुसुनोकीसाहेब स्ट्रॉबेऱ्या घेऊन हजर. "काळजी करू नका. शनिवारी दोन ते चार मी मामेला लांब फिरायला नेतो. तिच्या भुंकण्याचा तुम्हाला अडथळा नको!"

"अहो, कशाला..."

"नाही नाही, नेतोच!"

त्यांच्या मागोमाग इगाराशीबाई, अंघोळीच्या सुगंधी वड्या घेऊन. "मी शनिवारचे वर्ग रविवारी ठेवलेत. मीही बाहेर जाते. तुम्ही अगदी मोकळेपणानं आवाज करा!" मग मियोशी. "आम्हीसुद्धा मुलांना घेऊन बाहेर पडतोय!" उरलेली दोन घरं? तीही बाहेर! त्यांनी लिंबाचं लोणचं दिलं.

मी टेबलावरच्या स्ट्रॉबेऱ्यांकडे बघत बसलो. माझ्या माफीनं गल्ली रिकामी केली होती!

त्या रात्री झोप उडाली. बुधवारी गाडीत मी चौथ्या डब्याच्या नेहमीच्या दाराशी उभं राहायचं सोडून पाचव्यात चढलो, इतका अस्वस्थ! कचेरीत साहेबांच्या चहात मी मीठ घातलं आणि नंतर आगाऊ नव्हे, मागाहून माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा. संध्याकाळी उतरलो तो नवे पाच डबे घेऊनच.

"कुसुनोकीसाहेब, त्या दिवशी बोललो तो आवाज... तितकासा वाईट नाही. खरं म्हणजे चांगला आवाज आहे. घरात थांबलात तरी चालेल. जवळून तर फारच चांगला ऐकू येतो!"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "जवळून?"

"अगदी जवळून. आमच्या बैठकीच्या खोलीतून."

"होसोयासाहेब," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही दुसऱ्यांदा आलात."

तेव्हा मला कळलं नाही, गुरुवारी कळलं. एकदा माफी मागतो तो सभ्य माणूस. दोनदा माफी मागतो म्हणजे काहीतरी भयंकर घडणार आहे! मियोशींच्या बायकोनं चिझुरूला बागेच्या फाटकाशी गाठून विचारलं, "ताई, घर पाडताय का?" आणि त्याच संध्याकाळी गल्लीची फिरती पाटी आमच्या दारात आली. ही पाटी घराघरांतून फिरते. सूचना वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. अध्यक्षांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'शनिवारी दोन ते चार होसोया यांच्या घरी मोठं काम आहे. धुतलेले कपडे आत घ्यावेत. खिडक्या लावाव्यात. मुलं व वृद्ध यांनी शक्यतो परिसरात थांबू नये.'

चार शिक्के आधीच पडले होते. मी पाचवा मारला.

"अहो!" चिझुरू किंचाळली. "तुम्ही का मारलात?"

"मग काय करू? पाटी अडवून ठेवू? लोक काय म्हणतील?"

"आता तरी जा! जा आणि सांगा, की कीर्तन आहे, या!"

शुक्रवारी मी गेलो. तिसरे पाच डबे! दुकानातल्या मुलीनं विचारलं, "घरात मंगलकार्य आहे का?" मी म्हणालो, "अजून कळलेलं नाही." कुसुनोकीसाहेबांनी दार उघडलं, हातातल्या डब्याकडे बघून एक पाऊल मागे सरकले. मी डोळे मिटले आणि एका दमात म्हणालो, "बांधकाम नाही, कीर्तन आहे! आईच्या गावचे महाराज येणार आहेत!"

झालं! सांगितलं एकदाचं! आता फक्त विचारा, येऊ का म्हणून विचारा!

त्यांचा चेहरा उजळला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. "अरेरे, आधी नाही का सांगायचं! इतकं पवित्र कार्य! होसोयासाहेब, मी शब्द देतो. दोन ते चार या गल्लीत चिमणीसुद्धा फिरकू देणार नाही!"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "फार फार आभारी आहे."

शनिवारी बैठकीच्या खोलीत भाड्याच्या तीस बैठका मांडल्या होत्या, दोरी लावल्यासारख्या सरळ रांगेत. चिझुरूनं महाराजांना स्टेशनवरून आणलं. एकोणऐंशी वर्षांचे, काटक, भुवया दोन पांढऱ्या फुलपाखरांसारख्या. आईनं जांभळा किमोनो नेसला होता. पहिल्या बैठकीवर, गाठोडं शेजारी ठेवून, बसली होती. ते गाठोडं माझ्याकडे बघत होतं.

दोनला पाच कमी. महाराज म्हणाले, "मंडळी?"

"येतायत, येतायत!"

आई खिडकीशी गेली. "केन्गो, रस्त्यावर ना माणूस ना कुत्रं. दोरीवर एक मोजासुद्धा नाही रे."

"येतायत!" असं म्हणत मी बाहेर पडलो, ते घरातल्या सपाता पायात तशाच. कुठं जाणार होतो? मलाच माहीत नव्हतं. कुणीही चालेल! टपालवाला, मीटर बघणारा, वाट चुकलेला! उतारावरून धावत सुटलो. एक म्हातारे गृहस्थ दिसले, मला बघून त्यांनी वळण घेतलं. स्टेशनसमोरच्या फॅमिली रेस्टॉरंटच्या दाराशी पोचलो आणि थबकलो. दाराबाहेर मधल्या ऋतूचा कोट घातलेली मामे बांधलेली होती.

काचेतून आत बघितलं. मंडळी, काय सांगू! एका टेबलाशी कुसुनोकीसाहेब. दोन टेबलं सोडून इगाराशीबाई. कोपऱ्यात मियोशी कुटुंब, जुळ्या मुली टेबलाखाली, बाळ टेबलावर. उरलेली दोन घरं खांबाच्या दोन बाजूंना. सगळी गल्ली इथंच! आणि सगळे एकमेकांना न दिसल्यासारखे बसलेले, हवी तितकी पेयं घेत, पाच मिनिटांत सहा वेळा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. कुसुनोकीसाहेबांच्या पुढ्यात रिकामे सात पेले होते. मियोशी गुडघा हलवत होते. इगाराशीबाई टेबलावर बोटांनी पियानो वाजवत होत्या. घरं चांगली सहा खोल्यांची, आणि ही माणसं माझ्या सोयीसाठी प्लॅस्टिकच्या गादीवर तळमळत बसलेली!

मी आत शिरलो. क्षणात पाच खाद्यपत्रिका पाच चेहऱ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"कुसुनोकीसाहेब!"

पत्रिकेच्या वर दोन डोळे आले. "होसोयासाहेब! काळजी नको! चार वाजेपर्यंत आम्ही हलत नाही!"

"तसं नाही... मी म्हणतो..." एक शब्द. 'या'. एवढाच तर शब्द! मी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि कमरेत वाकलो. "तुम्हा सर्वांना माझ्यामुळे इथं बसावं लागलं, त्रासाबद्दल क्षमा असा..."

पाचही टेबलं उभी राहिली आणि माझ्यासमोर वाकली. बाळाचं दूध सांडलं. मी पुन्हा वाकलो. ते पुन्हा वाकले. हे असंच चार वाजेपर्यंत चाललं असतं, तेवढ्यात दार उघडलं.

"अगं बायांनो! अहो बाप्यांनो! इथं काय करताय? चला घरी, कीर्तन आहे!"

रेस्टॉरंटमधले चमचे थांबले. आत स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. दारात आई उभी होती, जांभळ्या किमोनोत, एका हातानं महाराजांचा दंड धरून. तो आवाज मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. बाहेर मामेनं मालकाकडे न बघता भुंकून घेतलं.

महाराज शांतपणे म्हणाले, "मघाशी स्टेशनवरून येताना काचेतून ही मंडळी दिसली होती. चेहऱ्यावरून वाटलं, यांना कथेची गरज आहे."

"आम्ही... आम्ही आलो तर चालेल?" इगाराशीबाईंनी विचारलं.

"चालेल?" आई म्हणाली. "बैठका काय मांजरांसाठी मांडल्यात? उठा!"

टेबलाखालून मियोशींच्या जुळ्यांतली युझु बाहेर आली. "आजी, त्यात राक्षस आहे?"

उत्तर महाराजांनी दिलं. "एक आहे. शिंगवाला."

मग कोण थांबतं! चढावरून वरात निघाली. पुढे आई, मागे महाराज, जुळ्या मुली, बाळगाडी, कोटातली कुत्री, आणि सगळ्यात शेवटी सपाता फटकवत मी.

महाराज आसनावर बसले. कथा एका आईची होती. तिचा मुलगा न सांगता होडी घेऊन निघाला आणि धुक्यात हरवला. समुद्राच्या राक्षसानं शिंगं उगारली (युझुनं आनंदानं किंकाळी फोडली). मुलाला हाक मारायची लाज वाटली. चूक त्याचीच होती ना! "पण आई त्याच्या हाकेची वाट बघत बसली का?" महाराजांचा स्वर चढला, थरथरला, लाटेसारखा झुकला. "ती किनाऱ्यावरून आधीच ओरडत होती! तसा तो आमिदा, तुम्ही तोंड उघडण्याआधी तुमचं नाव घेऊन उभा...!" आणि स्वर वळत वळत खाली आला. माझ्या अंगावर काटा आला. आता! आता नाव उसळणार!

इगाराशीबाईंनी टाळ्या वाजवल्या. पियानोच्या कार्यक्रमाला वाजवतात तशा, हलक्या, सभ्य. लगेच सगळ्यांनी वाजवल्या.

महाराजांच्या भुवया कपाळभर उडाल्या. आई गर्रकन वळली. "टाळ्या नाहीत! नाव घ्या, नाव! नामू आमिदा बुत्सू!"

"नामू..." खोलीभर कुजबुज झाली.

"मोठ्यानं!"

"पण काकू," कुसुनोकीसाहेब अवघडून म्हणाले, "शेजाऱ्यांना त्रास..."

"अहो, शेजारी सगळे इथंच बसलेत की!"

कुसुनोकीसाहेबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. खरंच होतं. चौतीस वर्षं बँकेत आवाज न चढवलेल्या त्या माणसानं छाती भरून घेतली आणि अशी गर्जना केली, की दाराशी मामे उठून उभी राहिली! मग मियोशी, मग इगाराशीबाई, दोन्ही घरं, जुळ्या मुली. खिडकीच्या काचा गुणगुणायला लागल्या. माझ्या शेजारी आई हुंकारत होती. डोळे पुसायला रुमाल शोधला तर चिझुरूनं आधीच घेतला होता.

कीर्तन साडेचारला संपलं. कुणी हलेना. चहा झाला, स्ट्रॉबेऱ्या झाल्या. युझु महाराजांच्या मांडीवर बसून शिंगं किती लांब ते विचारत होती. आईनं सगळ्यांकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "चांगले गळे आहेत की तुमचे! मग इतके दिवस आला का नाहीत? आज तरी त्या काचेत जाऊन का बसला होता?"

सगळे चहाच्या पेल्यात बघायला लागले. शेवटी कुसुनोकीसाहेब म्हणाले, "काकू, खरं सांगायचं तर... आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं."

"नव्हतं? हा तर आठवडाभर तुमच्या दारात होता!"

"होते ना! तीन वेळा आले. वड्या दिल्या. आवाज किती होईल, कधी होईल, जवळून कसा येईल, सगळं सांगितलं. फक्त 'या' म्हणाले नाहीत."

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो. सपातेला भोक पडलं होतं.

आईनं सुस्कारा सोडला. गाठोडं ओढून मांडीवर घेतलं. तिनं गाठ सोडली, आतली चादर काढून झटकली आणि महाराजांकडे वळली.

"महाराज, उद्या तुमचं एकट्याचंच तिकीट काढा. बावन्न वर्षांचं पोर झालं, अजून चार माणसांना घरी बोलावता येत नाही. याला असं उघड्यावर टाकून मी जाऊ कशी?"

खरं तर मी त्रेपन्न वर्षांचा आहे. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.